बखर उत्तराबाईंच्या ओव्यांची व ठाकुर्लीच्या नोडाची

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि वीज पुरविणाऱ्या खात्यासही नमन, की ज्याच्या मर्जीवाचून या कलियुगी कोणताच पराक्रम तडीस जात नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी मौजे ठाकुर्ली पूर्व येथे शरयूछाया सहकारी गृहनिर्माण संस्थेत जो रणसंग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेवावी ऐसे संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठरले. सभेस अकरा जण हजर होते आणि त्यांतील चौघे चहापुरते आले होते, तरी ठराव तो ठराव. सबब संस्थेचा चिटणीस, पहिला मजला, खोली एकशे दोन, हा लेखणी हाती घेतो. चिटणिसाच्या नोटिसा या इमारतीत कोणी वाचत नाही हे त्यास ठाऊक आहे. बखर तरी वाचतील ही आशा आहे.

या बखरीत जे लिहिले ते लेखकाने डोळ्यांनी पाहिले, आणि जे पाहिले नाही ते जिन्यात ऐकले, आणि जे जिन्यात ऐकू आले नाही ते भिंतीस कान लावून नव्हे, भिंतच पातळ असल्याकारणे कळले. बिल्डरने पातळ भिंती बांधल्या त्यात चिटणिसाचा दोष नाही.

तर मूळ कारण ऐसे. तिसरे मजल्यावर सौभाग्यवती वज्रचूडेमंडित उत्तराबाईसाहेब ओगले, निवृत्त मराठी शिक्षिका, उमर शहात्तर, यांची वस्ती. तरुणपणी त्यांनी राजापूर प्रांती खेडोपाडी फिरून, खांद्यास टेपरेकॉर्डर लावून, जात्यावर बसलेल्या बायांच्या दोनशे चौदा ओव्या कॅसेटांत जमा केल्या होत्या. ऐसा खजिना कोणा सरदाराने लुटून आणला नसेल, कारण हा लुटला नव्हता, मागून आणला होता. त्या बायांत गंगुबाई म्हणून एक म्हातारी सर्वांत थोर. तिला चाळीस ओव्या मुखोद्गत, आणि ती गेल्यावर त्या सर्व तिच्याबरोबर गेल्या, कॅसेटीत उरल्या तेवढ्याच राहिल्या. पुढे ओगले मंडळी कल्याणास तळमजल्यावर राहात असता दोन हजार पाच सालच्या जुलैत महापूर आला आणि पलंगाखालील कॅसेटा पाण्यात गेल्या. दैवयोगे बाईसाहेबांनी त्याआधी चार महिने त्या सर्व एका हार्ड डिस्कात उतरवून ठेविल्या होत्या, म्हणून खजिना वाचला. मात्र त्या दिवसापासून पाऊस जोराने लागला की बाईसाहेब उठून ती डिस्क माळ्यावर ठेवीत. घर तिसऱ्या मजल्यावर असले तरी ठेवीत.

ती डिस्क यंदा दिवाळीनंतर टिकटिक करू लागली. मग ती पदराखाली घेऊन बाईसाहेब नौपाड्यास एका जाणत्या दुकानदाराकडे गेल्या. त्याने कान लावून ऐकिले आणि सांगितले की हिचा भरवसा नाही. नवीन डिस्कात नक्कल करून दिली, ती करताना सतरा ओव्या कायमच्या गेल्या, आणि दुकानदार म्हणाला की नवीन तीही यंत्रच आहे, तीही एक दिवस टिकटिक करील. हे ऐकून बाईसाहेबांनी दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून सांगितले. एका नामांकित संस्थेकडे खजिना सुपूर्द करावा तर तिने तीन प्रतींत अर्ज मागविला आणि अर्जास उत्तर म्हणून आणखी एक अर्ज पाठविला.

ते समयी त्यांची कन्या, सरलष्कर क्षिप्राबाई, ऐरोलीस संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, यांनी मसलत दिली. जगात कोठार नावाचे एक जाळे आहे. त्यास राजा नाही, दिवाण नाही, भाडे नाही. ज्याने त्याने आपल्या घरी एक लहानशी पेटी चालू ठेवावी, तिला नोड म्हणतात. तिच्यात परमुलखातील अनोळखी लोकांच्या फायलींचे तुकडे कुलूपबंद होऊन राहतात, आणि बदल्यात आपल्या फायलींचे तुकडे होऊन ते ऐंशी परक्या घरी राहतात. त्यांतील पन्नास घरे बुडाली तरी उरलेल्या तिसांतून आपली चीज सबंध जुळून परत येते. बाईसाहेबांनी सर्व ऐकून एकच विचारले, की त्या ऐंशींत तळमजले किती. क्षिप्राबाई म्हणाल्या ते ठाऊक नाही. मग बाईसाहेबांनी थोडा विचार करून मोहिमेस मंजुरी दिली.

परंतु कोठाराचे कायदे कडक. नव्या नोडाने प्रथम एकवीस दिवस अखंड जागे राहून दाखवावे. दिवसातून कितीही वेळा दूरदेशीचा पहारेकरी येऊन हाक मारतो, आणि पाव घटिका, म्हणजे सहा मिनिटे, ओ दिली नाही तर कसोटी मोडली, पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ. तीन वेळा मोडली तर नाव खारीज आणि दोन वर्षे दरवाजा बंद. हे ऐकून बाईसाहेब म्हणाल्या की दोन वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तर, तेव्हा जे करायचे ते आत्ताच. लढाईचा खरा मुद्दा तो इतकाच होता, आणि लेखक मुद्दाम येथे नमूद करितो, की पुढील गोंधळात कोणी तो विसरू नये.

आता दुसरे बाजूची हकीकत. घराचे धनी राजमान्य राजश्री अण्णासाहेब ओगले, वीजखात्यात चौतीस वर्षे चाकरी करून उपअभियंता पदावरून निवृत्त. शिस्त ऐसी की घड्याळाने त्यांस वेळ विचारावी. त्यांस सरलष्करांनी फर्मान दिले, की दिवाणखान्यात टीव्हीखाली जी काळी पेटी ठेविली आहे तिला कोणी हात लावू नये. अण्णासाहेबांनी होकार दिला आणि पेटीसमोर खडूने रेघ मारली, आणि स्वतः त्या रेघेपलीकडे कधी पाऊल टाकिले नाही. शब्दाचे इतके पक्के.

पहिला मोर्चा आंतरजालाच्या वेशीवर अडला. नोडास जगातून हाक मारायची तर घरास स्वतःचा पत्ता पाहिजे, आणि आमच्या प्रांती नेट पुरविणाऱ्या केबलवाल्याने दोनशे घरांस मिळून एकच पत्ता दिलेला. हाक आली तरी ती दोनशेंतील कोणाची हे कोणास कळेना. मग दिवा गावाहून केबलवाल्याचे सरदार सूरजराव यांस पाचारण जाहले. सूरजराव मोटारसायकलवरून आले, गळ्यात वायरींचे भेंडोळे, कानास फोन. प्रथम त्यांनी स्वतंत्र पत्ता मिळत नाही, मिळाला तरी उशीर लागतो, आणि तुम्हांला कशाला पाहिजे, येणेप्रमाणे तीन उत्तरे एकदम दिली. परंतु बोलता बोलता त्यांची नजर कपाटातील शालेय पुस्तकांवर गेली आणि त्यांनी चौकशी केली की बाई मराठीच्या टीचर काय. मग तह ठरला तो ऐसा: सूरजरावांनी ओगल्यांचे घरास स्वतंत्र पत्ता नेमून द्यावा, आणि बाईसाहेबांनी सूरजरावांची कन्या सान्वी, इयत्ता दहावी, हिचे मराठी निबंध वार्षिक परीक्षेपर्यंत तपासावे. दोन्हीकडून पाणी पिऊन तह पक्का केला. पहिला निबंध 'माझा आवडता पक्षी' ऐसा आला आणि त्यात कावळा निघाला, त्यामुळे बाईसाहेब खूष जाहल्या.

सोमवारी पहिली कसोटी सुरू जाहली. पेटीवर हिरवा दिवा लुकलुकू लागला आणि बाईसाहेबांनी तिला हळदकुंकू वाहिले. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला, आणि शुक्रवारी दोन प्रहरी सरलष्करांचे फोनात परदेशी खलिता आला की नोड निजला, कसोटी मोडली. घरी येऊन पाहातात तो पेटी चालू, हिरवा दिवा लुकलुकतो, टीव्हीखाली सर्व आबादीआबाद. सरलष्करांनी बहुत विचार करून निदान केले की वीज गेली असावी. हे ऐकताच अण्णासाहेब पेटले. शुक्रवारी ठाकुर्लीत वीज गेलेली नाही, मी खात्यात फोन लावून विचारीन, खात्यावर उगाच आळ घेतलेला मी ऐकून घेणार नाही, ऐसे सुनावून त्यांनी खरोखर फोन लावला आणि खात्याकडून वीज गेली नव्हती याची खात्री करून घेतली. तरीही सरलष्करांनी बॅटरीची एक पेटी आणून नोडास व नेटाच्या यंत्रास जोडिली, की वीज गेलीच तर पंचवीस मिनिटे ती किल्ला लढवील.

दुसरी कसोटी बुधवारी मांडली ती शुक्रवारी पडली. पुन्हा तोच खलिता, पुन्हा पेटी जागच्या जागी चालू. आता दोन्ही वेळा शुक्रवारच का, ऐसा प्रश्न उपस्थित जाहला. बाईसाहेबांच्या वाचनमंडळातील एका सभासदेने सांगितले की शुक्रवारी नव्या वस्तूस नजर लागते. दुसरीने मीठमोहऱ्या ओवाळावयास सांगितले. मीठमोहऱ्या ओवाळल्या. सरलष्करांनी मात्र दोष सूरजरावांचे वायरीवर ठेविला आणि त्यांस फोनवर इतके कडक बोलिल्या की सूरजराव दुखावले आणि म्हणाले, मॅडम, आमची लाइन चोवीस तास खडखडीत आहे, नसली तर मी मिशी काढीन.

येथे लेखकास एक कबुली देणे प्राप्त आहे. त्या दुसऱ्या शुक्रवारी साडेदहाचे सुमारास वरून बीप बीप ऐसा आवाज आला तो त्याने ऐकिला होता. पंचवीस मिनिटे आला आणि मग थांबला. तो कोणाचे वॉशिंग मशीन आहे ऐसे समजून त्याने 'सभासदांनी यंत्रांचा आवाज आवरावा' म्हणून नोटीस लाविली. ती नोटीस कोणी वाचली असती तर युद्ध तेथेच संपते.

आता तिसरी आणि शेवटची कसोटी. ही पडली की दोन वर्षे दार बंद. बाईसाहेब पेटीसमोर खुर्ची टाकून बसत आणि हिरव्या दिव्याकडे पाहात. सोमवारी आरंभ केला, आणि सरलष्करांनी सूरजरावांस माफी मागून विनंती केली, की येत्या शुक्रवारी आपण स्वतः जातीने येऊन वायरीवर नजर ठेवावी. सूरजराव मिशीचे बोलून बसले होते, त्यांस येणे भाग पडले.

शुक्रवारी सकाळी सरलष्कर ऐरोलीस रवाना जाहल्या. दहा वाजता बाईसाहेब आपले वाचनमंडळास गेल्या, कारण तेथे त्या दर शुक्रवारी जात. सूरजराव तळमजल्यावर जिन्याखाली मीटरांच्या खोलीत आपली वायरीची पेटी उघडून चौकी देत बसले. दहा वाजून वीस मिनिटांनी जिन्यावरून पावले वाजली. पाहातात तो हातात कापडी पिशवी घेऊन खुद्द अण्णासाहेब आले. मीटरांच्या खोलीत शिरले. आपल्या घराचा, तीनशे एकचा, मीटर शोधिला, त्याखालील मेन स्विच खाली ओढला, खिशातून लहान पितळी कुलूप काढून स्विचाच्या पेटीस घातले, तीनदा ओढून पाहिले, किल्ली बनियनच्या खिशात ठेविली आणि सूरजरावांस नमस्कार करून भाजी आणावयास चालते जाहले.

सूरजरावांनी हातची वायर खाली टाकिली. मग त्यांनी फोन लाविला. "मॅडम, तुमचा दुश्मन घावला," ते म्हणाले. "वायरबियर काय नाय. तुमचे पप्पाच मेन बंद करून गेले बघा. वर कुलूप पण मारलंय."

ऐरोलीस सरलष्करांनी डोक्यास हात लाविला. घरात कोणी नसता बाहेर पडायचे तर मेन स्विच बंद करून, कुलूप घालून, हा अण्णासाहेबांचा परिपाठ सरलष्करांच्या लहानपणापासूनचा. इतका जुना की भिंतीवरील डागासारखा तो घरात कोणासच दिसत नव्हता. निवृत्तीनंतर घर रिकामे पडे ते फक्त शुक्रवारी तासभर, बाईसाहेब वाचनमंडळात आणि अण्णासाहेब बाजारात. परत येऊन अण्णासाहेब स्विच वर करीत आणि पेटी आपोआप जागी होई. पेटीस हात लावू नये हे फर्मान त्यांनी अक्षरशः पाळिले होते. मेन स्विचाविषयी फर्मानात शब्द नव्हता.

वर बॅटरी बीप बीप करू लागली. पंचवीस मिनिटांतील दोन सरली. घर उघडून शेजाऱ्यांकडून वीज ओढावी तर घराची दुसरी किल्ली ऐरोलीस, अण्णासाहेबांचा फोन कपाटात, कारण बाजारात फोन नेला की खिसेकापू नेतो ऐसे त्यांचे मत. कुलूप तोडावे तर सूरजरावांपाशी पक्कड होती, परंतु ते कुलूप पक्कडीस भीक घालणारे नव्हते. मग सूरजरावांनी मोटारसायकलीस टाच मारिली आणि स्टेशनाकडील भाजीबाजारात घुसले. प्रथम पालेभाजीवाल्यांची फळी शोधली, तेथे नाही. मग कांदेबटाटे धुंडाळिले, तेथेही नाही. वाटेत एका हातगाडीस हँडल लागून चार टोमॅटो धारातीर्थी पडले. शेवटी एका मावशीपुढे, मटारांचे ढिगाशी, अण्णासाहेब उकिडवे बसलेले दिसले. एकेक शेंग उचलून उजेडास धरीत होते, चांगली ती पिशवीत आणि शंकास्पद ती परत. अर्धा किलोस वीस मिनिटे लागत आणि मावशीने त्यांचेशी वाद घालणे दोन वर्षांपूर्वीच सोडले होते.

सूरजरावांनी घाम पुसत अर्ज केला की अण्णा, किल्ली द्या. अण्णासाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारिले कशाची. मेनची. तेव्हा अण्णासाहेब उठून उभे राहिले, आणि घर रिकामे असता तिसऱ्या माणसास मेन स्विचाची किल्ली देणे हे कोणत्या नियमात बसते ऐसा सवाल केला. सूरजरावांनी नोड, पत्ता, पहारेकरी, कसोटी सर्व सांगून पाहिले, ते अण्णासाहेबांचे कानापर्यंत गेले आणि तेथेच थांबले. दहा मिनिटे सरली. तेव्हा सूरजराव थकून म्हणाले, "अण्णा, ते मशीन जाऊ दे खड्ड्यात. पण बाईंची ती गाणी आहेत ना, जात्यावरची, ती कायमची जातील. तुमच्या हाताने."

अण्णासाहेबांचे हातातील शेंग तशीच राहिली. मग त्यांनी ती न पाहताच पिशवीत टाकिली. अर्धी पिशवी रिकामी असता ते बाजारातून निघाले, आणि रिक्षास हात केला, आणि मीटरवर किती होतील हेही विचारिले नाही, कारण मोटारसायकलवर मागे बसणे त्यांचे तत्त्वात नव्हते आणि रिक्षात बसणे केवळ सवयीत नव्हते. ठाकुर्लीत अण्णासाहेबांस रिक्षात पाहून दोन ओळखीच्या गृहस्थांनी कोणी आजारी आहे काय म्हणून विचारिले. रिक्षा शरयूछायाच्या दारी आली तेव्हा वरील बीप घाईने वाजू लागली होती. किल्ली बनियनच्या खिशात आणि खिसा सदऱ्याच्या आत आणि वर स्वेटर, तेव्हा रस्त्यातच स्वेटर काढावा लागला. कुलूप निघाले, स्विच वर गेला, आणि बीप थांबली. मागाहून हिशेब करिता बॅटरीत दोन मिनिटे शिल्लक होती ऐसे निघाले. नोड निजला नाही. लेखकाने हा प्रसंग जिन्याच्या कठड्यावरून पाहिला आणि टाळी वाजविली, ती एकटीच वाजली.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर दरबार भरला. सरलष्करांनी समजुतीचे शब्द काढिले, की बाबा, बाकी बटणे बंद करा, मेन तेवढी चालू राहू द्या. अण्णासाहेबांनी खिशातील पितळी कुलूप काढून समोर ठेविले. मग म्हणाले, "एकोणनव्वद साली दगडू खांबावर होता. मेन बंद केली होती, पण पेटीला कुलूप नव्हतं. कोणीतरी येऊन वर केली." आणि पुढे म्हणाले, "माणूस नसलेल्या घरात मी करंट सोडून नाही जाऊ शकत. पाय उचलत नाही."

दगडू हा त्यांचे हाताखालील लाइनमन, त्या खांबावरून जिवंत उतरला नाही. त्याचे नाव सरलष्करांनी त्या दिवशी प्रथम ऐकिले, आणि बाईसाहेबांनी एकोणनव्वद सालानंतर प्रथम. सगळ्या इमारतीने आजवर त्या कुलुपास चिक्कूपणा म्हटले होते, आणि लेखकाने एका वार्षिक सभेत विनोदही केला होता. त्याची त्यास लाज वाटली.

मग अण्णासाहेबांनी निर्णय सांगितला. खिंडार आपण पाडिले, तेव्हा ते आपणच राखू. उरलेले सोळा दिवस आपण घराबाहेर पडणार नाही, मग घर रिकामे होण्याचा प्रश्नच नाही. बाईसाहेब म्हणाल्या मी बसते, सरलष्कर म्हणाल्या मी रजा काढते, परंतु किल्लेदाराने कोणाचे ऐकिले नाही. सकाळचा फेरफटका गच्चीवरही नको, दिवाणखान्यात येरझारा घालावयाच्या ठरल्या. भाजी बाईसाहेबांनी आणिली आणि तीन दिवस मटारांत अळ्या निघाल्या, तरी किल्लेदार शब्द बोलिले नाहीत. दाढीस न्हावी घरी आला. अकराव्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक होती. अध्यक्षपदास अण्णासाहेब उभे होते आणि हजर राहिल्यावाचून उमेदवारी धरली जात नव्हती. निरोप आला, दुसरा निरोप आला, मग संघाचे चारजण खाली येऊन हाका मारू लागले. अण्णासाहेबांनी खिडकीत येऊन हात जोडिले. शेजारील इमारतीतील भाऊ म्हणून एक गृहस्थ बिनविरोध अध्यक्ष जाहले आणि त्यांनी पहिल्याच भाषणात अण्णासाहेबांचे त्यागाचा गौरव केला, तो ऐकून अण्णासाहेबांस रात्रभर झोप लागली नाही.

एकविसावे दिवशी दोन प्रहरी खलिता आला की कसोटी उतरली, नोड कोठाराचा मानकरी जाहला. सरलष्करांनी ओव्या रवाना केल्या. एकशे सत्त्याण्णव ओव्यांचे तुकडे जाहले आणि ऐंशी घरी जाऊन पोहोचले. बाईसाहेबांनी यादी वाचून घेतली, लिस्बन, नैरोबी, कोयंबतूर, आणि एक कुठलेसे बर्फातील गाव. मग टिकटिक करणारी जुनी डिस्क त्यांनी रुमालात गुंडाळून देवघराखाली ठेविली. त्यानंतर दोन वेळा अवकाळी पाऊस जोराने लागला, तरी त्या उठल्या नाहीत.

परंतु युद्ध संपले ऐसे लिहिणार तोच सरलष्करांनी खुलासा केला, की नोड एकवीस दिवसांपुरता नव्हे. तो चालूच ठेवायचा. परक्यांचे तुकडे आपल्या घरी आहेत. किल्लेदारांनी हे ऐकून येरझारा पुन्हा सुरू केल्या. पौष मासी नौपाड्याच्या एका ग्रंथालयाने बाईसाहेबांस निमंत्रण केले, की त्या ओव्या आम्हांस ऐकवाव्या, दोघांनी यावे. सरलष्करांस यंत्र चालविण्यास बरोबर जाणे प्राप्त. म्हणजे घर रिकामे. अण्णासाहेबांनी कळविले की आपण घरीच बसू, तुम्ही जावे. बाईसाहेबांनी हूं म्हटले आणि त्यांचे इस्त्रीचे कपडे पलंगावर काढून ठेविले.

रविवारी चार वाजता तिघेही खाली उतरले. कपडे घातले ते का घातले हे अण्णासाहेबांसच ठाऊक. मीटरांच्या खोलीपाशी त्यांचे पाय थांबले. पितळी कुलूप हातात होते. सरलष्कर काही म्हणणार तो बाईसाहेबांनी त्यांस खुणेने दाबिले आणि स्वतः जवळ गेल्या. "गंगुबाई आता ऐंशी घरांत आहे," त्या म्हणाल्या. "त्या घरांतली माणसंही कधीतरी बाहेर पडत असतीलच ना हो. लग्नाला, भाजीला. पेटी चालू ठेवूनच पडत असतील."

अण्णासाहेबांनी तीनशे एकच्या स्विचाकडे पाहिले. लेखक जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहात होता. मग त्यांनी एकेक जोडणी हाताने चाचपून पाहिली, कोठे हातास गरम लागत नाही ना, कोठे वास येत नाही ना. स्विचास हात लाविला नाही. कुलूप खिशात घातले आणि फाटकाकडे चालू लागले.

ग्रंथालयात चाळीस जण होते. अण्णासाहेब पहिल्या रांगेत बसून घड्याळ पाहात होते आणि एक शब्द त्यांचे ध्यानात शिरत नव्हता, हे त्यांनीच मागाहून सांगितले. मग सरलष्करांनी कळ दाबिली, ऐंशी घरांतून तुकडे येऊन जुळले, आणि जात्याची घरघर, आणि तीवर पन्नास वर्षांपूर्वीचा म्हातारा आवाज आला.

"चालू झाला काय गो तुझा मशीन? मग माझा सरल्याशिवाय बंद करू नको हां."

सभा हसली. अण्णासाहेबांनी मनगट खाली घेतले आणि घड्याळावर बाही ओढली. गंगुबाईने पुढे ओवी धरली:

दळण सरलं, उरली चिमूट पिठाची,
आठव ठेव बाई, माझ्या कोरड्या ओठाची.

बाईसाहेब रडल्या. सरलष्करही रडल्या, आणि यंत्रावर पाणी पडू नये म्हणून मान वळवून रडल्या. अण्णासाहेबांनी संपेपर्यंत एकदाही घड्याळ पाहिले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती संस्थेचे दप्तरी दाखल करितो ती ऐसी: पौष मासी रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांपासून रात्री पावणेनवापर्यंत तीनशे एकमध्ये माणूस नव्हता आणि मेन स्विच चालू होता. परत आल्यावर अण्णासाहेबांनी सर्व घर हुंगून पाहिले. काही जळाले नव्हते. फ्रिजातील दूध थंड होते आणि टीव्हीखालील हिरवा दिवा लुकलुकत होता. फाटकातून बाहेर पडताना अण्णासाहेबांनी दोन वेळा मागे वळून पाहिले आणि दुसऱ्या वेळी थोडे जास्त पाहिले, हे लपवून ठेविले तर बखर खोटी ठरेल म्हणून तेही लिहिले. लिहिणार चिटणीस, खोली एकशे दोन. वाचणाराने निदान खाली सही करावी.